‘१०८’वर ईएमटीची नोकरी : हातात किती पडतं आणि पुढे काय मिळतं?

बेळगाव, निपाणी, खानापूरपासून म्हापसा, इंदूर, वडोदऱ्यापर्यंत बारावी सायन्सचा निकाल लागला की एक जाहिरात हमखास फिरू लागते. सहा महिन्यांचा ईएमटी कोर्स करा आणि १०८ वर सरकारी नोकरी मिळवा, असा तिचा सूर असतो. पोराला किंवा पोरीला पांढऱ्या गाडीत, गणवेशात बघायची घरच्यांची इच्छा असते आणि फी कर्ज काढून भरली जाते. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांत १०८ ची नोकरी सरकारी नसते. काही राज्यांत तर त्या कोर्सवाल्याला १०८ च्या गाडीत जागाच नसते. नंबर सगळीकडे एकच असला तरी राज्याची हद्द ओलांडली की पदाचं नाव, पात्रता, कापाकापी आणि भरतीची भाषा बदलते. फी भरण्याआधी या गोष्टी नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

ईएमटी नेमकं काय करतो?

ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. रुग्णवाहिकेत दोघे असतात, एक चालक आणि दुसरा मागे रुग्णाजवळ बसणारा. १०८ सेवेत अनेक राज्यांत चालकाला ‘पायलट’ म्हणतात. मागे बसतो तो ईएमटी. श्वास आणि नाडी बघणं, ऑक्सिजन लावणं, रक्तस्राव थांबवणं, मोडलेल्या हाडाला आधार बांधणं, हृदय बंद पडलं तर छाती दाबून सीपीआर देणं, गाडीतच बाळंतपण झालं तर आई आणि बाळ दोघांना सांभाळणं ही त्याची कामं. अवघड प्रसंगी तो नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरला फोन लावतो आणि त्यांच्या सांगण्यानुसार औषध देतो. प्रत्येक रुग्णाची नोंद लिहिणं हेही त्याचंच काम. पुढे पोलीस केस झाली तर हीच नोंद न्यायालयात जाते.

रुग्णवाहिकांचे प्रकारही ठरलेले आहेत. केंद्राच्या वाहन मानक एआयएस १२५ नुसार चार प्रकार आहेत. ‘ए’ म्हणजे प्रथम प्रतिसादाचं वाहन, ‘बी’ म्हणजे फक्त रुग्णाची ने-आण करणारी गाडी, ‘सी’ म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि ‘डी’ म्हणजे अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट. जाहिरात ‘बी’ प्रकारच्या गाडीसाठी असेल तर काम स्ट्रेचर उचलण्याचं आणि सोबत जाण्याचं असतं. तिथे ईएमटीचं शिक्षण फारसं कामी येत नाही आणि पगारही त्याच मानाने मिळतो. त्यामुळे गाडी कोणत्या प्रकारची, हा पहिला प्रश्न.

नंबर एक, राज्यं वेगळी

१०८ ची सुरुवात हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी झाली. तिथल्या इमर्जन्सी मॅनेजमेंट अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे ईएमआरआय या संस्थेने सरकारशी भागीदारी करून ही सेवा उभी केली. हीच पद्धत २००७ मध्ये गुजरातेत, २००८ मध्ये गोवा आणि कर्नाटकात, तर २००९ मध्ये मध्य प्रदेशात गेली. कर्नाटकात ती ‘आरोग्य कवच’ या नावाने ओळखली जाते. या सगळ्या राज्यांत गाडीच्या मागे बसतो तो ईएमटी.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. तिथे १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ अॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या होत्या. गाडीत ईएमटीऐवजी डॉक्टर ठेवायची रीत पडली. हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस झालेले असतात आणि त्या पदाला ‘इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिस ऑफिसर’ म्हणतात. त्यामुळे चंदगड किंवा गडहिंग्लजच्या मुलाने ईएमटीचा कोर्स केला, तर स्वतःच्या तालुक्यातल्या १०८ गाडीत मागच्या सीटवर त्याला जागा नसते. तेच शिक्षण घेऊन तो बेळगावात किंवा गोव्यात अर्ज करू शकतो. उलट खानापूरच्या एखाद्या बीएएमएस डॉक्टरला कोल्हापूर जिल्ह्यातल्या १०८ गाडीवर काम मिळू शकतं, पण कर्नाटकातल्या गाडीवर ते पदच नाही.

गोव्यात आणखी एक प्रकार आहे. अरुंद रस्ते आणि पर्यटकांची गर्दी यामुळे तिथे दुचाकी रुग्णवाहिका आल्या. ईएमटी स्वतःच मोटारसायकल चालवत जातो. बंगळुरूतही अशा दुचाकी फिरल्या. अशा जागेसाठी दुचाकीचा परवाना आणि एकट्याने प्रसंग हाताळायची तयारी, दोन्ही लागतात.

भाषेचा मुद्दाही हद्दीनुसार बदलतो. बेळगाव, निपाणी, कारवार भागात रुग्णाचे नातेवाईक मराठीत किंवा कोकणीत सांगतात, नियंत्रण कक्ष कन्नडमध्ये बोलतो आणि औषधांची नावं इंग्रजीत असतात. हे तिन्ही सांभाळणारा ईएमटी तिथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. कन्नड नीट बोलता-वाचता येणं ही सीमाभागातल्या मराठी उमेदवाराची मोठी पुंजी आहे. हैदराबादच्या मराठी मुलांना तेलुगूशिवाय, वडोदऱ्याच्या मुलांना गुजरातीशिवाय हे काम झेपणार नाही.

नेमणूक कोणाची?

गाडीवर सरकारी बोधचिन्ह असतं, मुख्यमंत्र्यांचा फोटो असतो, पैसाही राज्य सरकार आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडून येतो. पण नेमणूकपत्र देतो तो निविदा जिंकलेला चालक, म्हणजे संस्था किंवा कंपनी. कायद्याच्या भाषेत तो मालक आणि सरकार हा मुख्य नियोक्ता. पगार वाढवायचा का, बदली कुठे करायची, कामावरून काढायचं का, हे तो चालक ठरवतो. सरकारी वेतनश्रेणी, सरकारी पेन्शन, सातवा वेतन आयोग यातलं काहीही या नोकरीला आपोआप लागू होत नाही.

शेजारच्या पदाशी तुलना केली की फरक कळतो. केंद्र सरकारच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर वेतनस्तर ७ मध्ये येतो आणि त्याचं सुरुवातीचं मूळ वेतनच ४४,९०० रुपये असतं. त्यावर महागाई भत्ता वेगळा. रस्त्यावर तोच रुग्ण पहिल्यांदा हाताळणाऱ्या कंत्राटी ईएमटीला अशी ठरलेली श्रेणी नाही. दरवर्षी किती वाढ मिळेल हे त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असेल तेवढंच. लिहिलेलं नसेल तर वाढ चालकाच्या मर्जीवर राहते.

जाहिरातीतला पगार आणि खात्यातला पगार

जाहिरातीत बहुधा ‘सीटीसी’ लिहिलेला असतो. म्हणजे कंपनीचा एकूण खर्च. मालकाने भरायचा पीएफ आणि ईएसआयसुद्धा त्यात धरलेला असतो. एक साधा हिशेब करू. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये ठरले.

मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. त्यावर विमा आणि प्रशासकीय खर्चाचा मिळून १ टक्का, म्हणजे १५० रुपये. मालकाचा ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४८८ रुपये. सगळं मिळून सीटीसी झाला १७,४३८ रुपये.

आता कर्मचाऱ्याकडून कापायचं. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ११३ रुपये. खात्यात जमा होतात १३,०८७ रुपये. जाहिरातीत साडेसतरा हजार वाचले, घरी तेरा हजार आले. यात फसवणूक असेलच असं नाही, कारण पीएफचे पैसे आपल्याच नावावर साठतात. पण घरभाडं, मेस आणि कोर्सच्या कर्जाचा हप्ता तेरा हजारांतूनच जाणार आहे, हे आधी कळायला हवं. काही ठिकाणी सीटीसीत ग्रॅच्युइटीही धरतात, तेव्हा हा फरक आणखी वाढतो.

व्यवसाय करही हद्दीनुसार बदलतो. गोव्यात तो नाही. कर्नाटकात महिना २५,००० च्या खाली पगार असेल तर लागत नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पुरुषांना महिना २०० रुपये बसतात, महिलांना मात्र २५,००० पर्यंत माफ आहे. गुजरातेत १२,००० च्या वर २०० रुपये. तेलंगणात १५,००० पर्यंत नाही, त्यानंतर २०,००० पर्यंत १५० रुपये. मध्य प्रदेशात वर्षाला सव्वादोन लाखांपर्यंत कर नाही. रक्कम लहान वाटते, पण कापल्याची नोंद पगारचिठ्ठीवर असली पाहिजे. पगारचिठ्ठीच मिळत नसेल तर ती मोठी धोक्याची खूण समजावी.

ईएसआय ११३ रुपयांत मिळतो म्हणून त्याला हलका समजू नये. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांना तो लागू होतो. कामावर जखम झाली, गाडीला अपघात झाला, सुई टोचून संसर्ग झाला तर उपचार आणि भरपाईचा तोच आधार. कार्ड देशभर चालतं. त्यामुळे नोकरी बेळगावात आणि घर चंदगडला असलं तरी हरकत नाही. पगार वाढून २१,००० च्या पुढे गेला, तर चालू अंशदान काळ संपेपर्यंत संरक्षण राहतं, नंतर थांबतं. अशा वेळी स्वतःचा आरोग्य विमा घ्यावाच लागतो. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत पूर्ण करून घ्यावी. ती मालकाने द्यावी अशी मागणी पहिल्याच दिवशी करावी.

बारा तासांचा हिशेब

१०८ ची गाडी चोवीस तास उभी असते आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. इथेच पगाराचा खरा दर लपतो. आठवड्याला ४८ तास ही कामगार कायद्यातली सर्वसाधारण मर्यादा. महिन्याला २६ दिवस आठ तास धरले तर २०८ तास होतात. १५,००० रुपयांना भागलं तर तासाला ७२ रुपये. तेच २६ दिवस बारा तास केले तर ३१२ तास आणि दर उरतो ४८ रुपये.

वरचे १०४ तास हे जादा काम. जादा कामाला दुप्पट दर हा नियम. १०४ तासांचे दुप्पट म्हणजे २०८ तासांचे पैसे, म्हणजे बरोब्बर आणखी एक पगार. एवढी रक्कम या एका प्रश्नात अडकलेली असते. म्हणून ‘पाळी किती तासांची’ एवढं विचारून थांबू नये. ‘महिन्याला किती पाळ्या’ हेही विचारावं. महिन्याला बारा तासांच्या सतरा पाळ्या असतील तर मर्यादा पाळली जाते. सव्वीस पाळ्या असतील आणि जादा कामाचा रकाना रिकामा असेल, तर पगार कागदावर दिसतो त्यापेक्षा कमी आहे.

पगार वेळेवर न मिळणं हे या क्षेत्राचं जुनं दुखणं. सरकारकडून बिल आलं नाही, असं कारण चालक देतात आणि कर्मचारी रस्त्यावर येतात. अशी निदर्शनं अनेक राज्यांत झाली आहेत. कायदा मात्र स्पष्ट आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा आणि ठेकेदाराने दिला नाही तर मुख्य नियोक्त्याने द्यायचा. तक्रार करायची ती नोकरी जिथे आहे त्या राज्याच्या कामगार खात्याकडे. गावी परतून कोल्हापुरात अर्ज दिला तर बेळगावच्या नोकरीसाठी तो चालत नाही.

ठेका बदलला की काय होतं?

निविदेची मुदत संपते, नवा चालक येतो. मध्य प्रदेशात २००९ नंतर सेवेचा चालक दोनदा बदलला. त्याच गाड्या, तीच माणसं, पण नेमणूकपत्र नवं. जुन्या लोकांना बहुतेक वेळा घेतात, कारण शिकलेली माणसं लगेच मिळत नाहीत. पण कामाची वर्षं कागदावर पुन्हा शून्यापासून मोजली जातात.

याचा पहिला फटका ग्रॅच्युइटीला बसतो. जुन्या कायद्यात एका मालकाकडे पाच वर्षं झाली की ती मिळायची. पाच वर्षं भरली असतील तर १५,००० मूळ वेतनावर ती सुमारे ४३,२६९ रुपये होते. साडेतीन वर्षांनी ठेका बदलला तर हातात काहीच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. नेमणूकपत्र देणंही सक्तीचं केलं आहे. त्यामुळे पत्रात ‘मुदतबंद नेमणूक’ असं स्पष्ट लिहिलं आहे का आणि मुदत किती, हे शब्द आता पैशाचे झाले आहेत.

दुसरा मुद्दा पीएफचा. यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच ठेवावा. ठेका बदलला की बरेच जण जुन्या खात्यातले पैसे काढून घेतात, नवीन फोन किंवा गाडीच्या हप्त्यात घालवतात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. वेगवेगळ्या मालकांकडची वर्षं जोडली जातात, पण पैसे काढले की ती वर्षं तुटतात. काढण्यापेक्षा खातं बदली करून घेणं शहाणपणाचं.

कोर्स कोणता घ्यावा?

आतापर्यंत १०८ वर ईएमटी म्हणून निवडलेल्यांमध्ये जीएनएम, बीएस्सी नर्सिंग, डी.फार्म, बी.फार्म किंवा जीवशास्त्रातली बीएस्सी झालेले बरेच असतात. जाहिरातींतही बहुधा हीच पात्रता असते. निवड झाल्यावर सेवा चालवणारी संस्था स्वतः काही आठवड्यांचं प्रशिक्षण देते आणि मगच गाडीवर पाठवते. म्हणजे १०८ वर जायचं असेल तर बाहेर मोठी फी भरून वेगळा कोर्स करावाच लागतो, असं नाही. ज्या जाहिरातीवर फी भरायची आहे, तिच्याऐवजी आधी आपल्या राज्याच्या १०८ ची शेवटची भरती-जाहिरात मिळवून तिच्यातला पात्रतेचा रकाना वाचावा.

बारावीनंतर थेट याच क्षेत्रात शिरायचं असेल तर २०२१ चा कायदा माहीत हवा. राष्ट्रीय सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संसदेने त्या वर्षी केला. त्याच्या अनुसूचीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट’ या व्यवसायाचं नाव आहे. नर्स आणि डॉक्टरांप्रमाणे या लोकांचीही नोंदणी व्हावी, हा त्यामागचा हेतू. पण कायद्याने अटही घातली आहे. सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता हवी असेल तर किमान २,००० तासांचं शिक्षण दोन ते चार वर्षांत झालेलं असावं. पदवीधर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत.

आता सहा महिन्यांचा कोर्स मोजून बघा. रोज सहा तास, महिन्याला २६ दिवस, सहा महिने. होतात ९३६ तास. कौशल्य विकासाच्या राष्ट्रीय आराखड्यात बेसिक ईएमटीचा अभ्यासक्रम स्तर ४ वर आहे. तो पहिल्या नोकरीसाठी उपयोगी पडू शकतो, खासगी गाडीवर काम मिळतं. पण नोंदणीकृत व्यावसायिक होण्याच्या शिडीवर तो अर्ध्यापर्यंतही पोचत नाही. ज्यांना हे काम आयुष्यभर करायचं आहे त्यांनी दोन वर्षांचा डिप्लोमा किंवा इमर्जन्सी अँड ट्रॉमा केअरची पदवी पाहावी. ती देणारं विद्यापीठ किंवा पॅरामेडिकल बोर्ड खरं आहे का, संस्थेला स्वतःचं किंवा करारातलं रुग्णालय आहे का आणि आपत्कालीन विभागात प्रत्यक्ष काम किती तास, हे तपासावं. नुसत्या वर्गात पुतळ्यावर शिकलेला मुलगा पहिल्या अपघाताला गोंधळतो.

बीएलएस आणि एसीएलएस ही अमेरिकन हार्ट असोसिएशनची प्रमाणपत्रं सगळीकडे विचारतात. ती दोन वर्षांनी संपतात. नोकरीत असताना त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च कोण करणार, हेही विचारून ठेवावं.

ज्या घरात अजून निर्णय झालेला नाही, तिथे नर्सिंगचा विचार आधी करावा, असा या सगळ्याचा अर्थ निघतो. नर्सिंगची नोंदणी असलेली व्यक्ती ईएमटी होऊ शकते. ठेका संपला, पाठ दुखू लागली, लग्नानंतर रात्रपाळी जमेना, तर रुग्णालयात परतू शकते. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर असा परतीचा रस्ता मिळत नाही.

१०८ च्या बाहेरच्या जागा

ईएमटीला फक्त १०८ वरच काम मिळतं असं नाही. मोठ्या खासगी रुग्णालयांच्या स्वतःच्या गाड्या असतात आणि आपत्कालीन विभागात तंत्रज्ञ लागतात. बेळगाव, हैदराबाद, वडोदरा, इंदूर ही आसपासच्या जिल्ह्यांना रुग्णसेवा देणारी शहरं आहेत. तिथे एका रुग्णालयातून दुसऱ्यात अत्यवस्थ रुग्ण हलवायचं काम रोजचं असतं. या कामात व्हेंटिलेटर आणि मॉनिटर हाताळता येणाऱ्याला वरचा पगार मिळतो.

दुसरी जागा कारखान्यांत. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ४५ ने पाचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला अँब्युलन्स रूम सक्तीची केली. ही तरतूद पुढे नव्या संहितेतही आली. पिथमपूर, वडोदऱ्याभोवतीचे रसायन आणि पेट्रोकेमिकल उद्योग, गोव्यातलं वेर्णा, हैदराबादजवळचं पाटणचेरू इथे अशा जागा निघतात. पाळी ठरलेली, धावपळ कमी आणि कंपनीच्या बसची सोय, म्हणून अनुभवी ईएमटी इकडे वळतात. रासायनिक भाजणं आणि विषारी वायू यांचं जादा प्रशिक्षण असेल तर उमेदवार पुढे जातो.

राष्ट्रीय महामार्गांवर टोलनाक्यांजवळ उभ्या असलेल्या गाड्यांवरही माणसं लागतात. महामार्गाची मदतवाहिनी १०३३ आहे. २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत कॅशलेस उपचारांची योजना आणली. जखमीला वेळेत रुग्णालयात पोचवणाऱ्या हातांची गरज त्यामुळे वाढतेच आहे. गरज वाढली म्हणून पगार आपोआप वाढत नाही, हेही खरं.

सेवेच्या आत बढतीच्या पायऱ्या मोजक्या आहेत. नियंत्रण कक्ष, प्रशिक्षक, तालुका किंवा जिल्हा पातळीवरचा पर्यवेक्षक. एका जिल्ह्यात डझनावारी ईएमटी आणि पर्यवेक्षक एक-दोन, असं गणित असल्याने सगळ्यांना वर जाता येत नाही. प्रशिक्षक व्हायचं असेल तर अनुभवासोबत पदवी लागते.

सरकारी जागा आणि रहिवासाचे दाखले

कायम सरकारी जागा निघतात त्या बहुधा नर्स, फार्मासिस्ट किंवा तंत्रज्ञ अशा पदांच्या. इथे रहिवासाचा प्रश्न येतो. गोव्यात सरकारी नोकरीला साधारणपणे पंधरा वर्षांचा रहिवास आणि कोकणीचं ज्ञान लागतं, मराठी येणं इष्ट मानलं जातं. महाराष्ट्राच्या भरतीत पंधरा वर्षांच्या अधिवासाची अट असते. पण सीमाभागातल्या मराठी उमेदवारांसाठी एक वाट उघडी आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, तिथे पंधरा वर्षं राहिलेल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या सरकारी पदांसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी विहित नमुन्यातला दाखला लागतो. ऐन भरतीत तो मिळवायला धावपळ होते, म्हणून आधीच काढून ठेवावा. ही सवलत सरकारी पदांसाठी आहे. १०८ च्या ठेकेदाराच्या भरतीला ती लागू होत नाही.

आखाताचं काय?

गोवा, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून आखातात जाण्याची वाट जुनी आहे. तिथे पॅरामेडिकला मागणी आहे आणि पगार इथल्या कितीतरी पट. पण दुबई, अबुधाबी, सौदी इथे त्या त्या आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. परवान्याआधी शिक्षण आणि अनुभवाची कागदपत्रं मूळ संस्थेकडून पडताळली जातात, त्याला ‘डेटाफ्लो’ म्हणतात. बंद पडलेल्या किंवा अमान्य संस्थेचं प्रमाणपत्र इथेच अडकतं. चालकाने अनुभवाचं पत्र दिलं नसेल तर केलेली वर्षं मोजली जात नाहीत. म्हणून ठेका बदलताना, राजीनामा देताना अनुभवपत्र हातात घेतल्याशिवाय निघू नये. एजंट ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदलेला आहे का हे पाहावं. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

सही करण्याआधी

फी भरताना संस्थेला चार प्रश्न विचारावेत. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा बोर्डाचं? एकूण तास किती आणि त्यातले रुग्णालयात किती? गेल्या तुकडीतले किती जण आज कोणत्या गाडीवर आहेत? त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पाकीट खिशातच ठेवावं.

नोकरीच्या पत्रावर सही करताना आणखी सहा गोष्टी बघाव्यात. मालक म्हणून नाव कोणाचं आहे. मूळ वेतन किती आणि सीटीसी किती. महिन्याला किती पाळ्या आणि जादा कामाचा दर काय. यूएएन आणि ईएसआय क्रमांक कधी मिळणार. ठेक्याची मुदत कधी संपते. बदली कुठपर्यंत होऊ शकते. गाव बेळगावात आणि पोस्टिंग बिदरला मिळालं तर अर्धा पगार खोलीभाड्यात आणि एसटीत जातो.

हे काम समाधान देणारं आहे यात वाद नाही. रात्री दोन वाजता खिंडीत उलटलेल्या गाडीतून माणूस जिवंत काढणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. पण समाधानावर हप्ते फिटत नाहीत. ज्याच्याकडे मान्य शिक्षण, जोडलेला पीएफ, अनुभवपत्र आणि दोन राज्यांच्या भाषा आहेत, त्याला एक ठेका संपला तरी दुसरी गाडी मिळते. ज्याच्याकडे फक्त गणवेश आहे, त्याचं भवितव्य निविदेच्या तारखेला बांधलेलं राहतं.